जादूचं पहिलं पुस्तक कसं निवडावं

जादूचं पहिलं पुस्तक मी घेतलं ते मुखपृष्ठावरचा आकडा बघून. शेकड्यांनी प्रयोग होते त्यात. एकेका पानावर तीन-चार, प्रत्येकाला पाच-सहा ओळी, आणि मधूनमधून टोपीतून ससा काढणाऱ्या माणसाचं तेच ते चित्र. दोन दिवसांत सगळं वाचून काढलं. तिसऱ्या दिवशी मामेभाऊ म्हणाला, "मग, दाखव की एखादी." आणि मला एकही येत नव्हती. गुपितं तोंडपाठ होती, पण हातांना सवय नव्हती आणि बोलायला वाक्य नव्हतं. एका प्रयोगात लिहिलं होतं, 'येथे प्रेक्षकाच्या नकळत पान बदलावे.' नकळत म्हणजे कसं, हे त्या पुस्तकात कुठेच नव्हतं.

ही चूक बहुतेक नवशिक्यांकडून होते, कारण आपण गुपितं विकत घ्यायला निघालेलो असतो. गुपित एका ओळीत मावतं, आणि कळल्यावर बहुधा "हॅ, एवढंच होय?" असं वाटतं. पुस्तकाने शिकवायचं असतं ते त्या ओळीच्या पुढचं: हात कधी हलवायचा, नजर कुठे ठेवायची, त्या क्षणी काय बोलायचं आणि फसलं तर कसं सावरायचं. जादूचं पुस्तक पेटी किंवा बासरी शिकवणाऱ्या पुस्तकाच्या जातीचं असतं. तेव्हा त्यात किती जादू आहेत हे मोजत बसू नका. त्यातली एक तरी तुमच्याकडून करून घेण्याची ताकद पुस्तकात आहे का, एवढंच तपासा. खालची सगळी पारख त्यासाठीच आहे.

पायरी १: पुस्तकाआधी प्रेक्षक ठरवा

कोणासमोर करणार आहात? घरातली चार माणसं, कॉलेजचे मित्र, पाच-सहा वर्षांची मुलं की व्यासपीठासमोर बसलेले दोनशे लोक? यावर कुठलं पुस्तक हे निम्मं ठरतं.

एकाच टेबलाभोवतीच्या माणसांसाठी पत्ते आणि नाणी उत्तम. लहान मुलांसाठी पत्त्यांचं पुस्तक घेऊ नका, असं माझं मत आहे. सहा वर्षांच्या पोराला 'चौकट अठ्ठी' लक्षात ठेवायला सांगितलं की अर्धी जादू तिथेच संपते. तो दोन मिनिटांनी म्हणतो, "लाल होतं." मुलांसमोर दोरी, रुमाल, स्पंजचे चेंडू असं काहीतरी हवं, ज्यात काय घडलं ते नुसतं बघून कळतं. मोठ्या सभागृहासाठी तर पहिलं पुस्तक घेऊच नका. आधी चार माणसांसमोर हात थरथरायचे थांबू देत.

मग वस्तू ठरवा. पत्त्यांवर जितकं लिहिलं गेलंय तितकं दुसऱ्या कशावरही नाही, आणि शिकायची चढणही सोपी आहे: काहीही हातचलाखी नसलेल्या प्रयोगांपासून सुरू करून हवं तितकं वर जाता येतं. नाण्यांचं उलटं. नाणं कायम खिशात असतं ही सोय मोठी, पण पहिली पायरीच उंच आहे. तळहातात नाणं धरून हात मोकळा दिसायलाच काही आठवडे जातात. मनातलं ओळखण्याच्या प्रयोगांत हातांचं काम कमी आणि बोलण्याचं जास्त. चारचौघांत सहज बोलता येत असेल तरच तिकडे वळा.

पायरी २: पुस्तकांच्या जाती

फळीवर सगळी पुस्तकं सारखीच दिसतात, पण त्यांची कामं वेगळी असतात.

सर्वसाधारण अभ्यासक्रम म्हणजे पत्ते, नाणी, दोरी, रुमाल, कप आणि चेंडू असं सगळं थोडं थोडं शिकवणारं जाडजूड पुस्तक. आपल्याला काय आवडतं हे अजून ठरलं नसेल तर हेच घ्या. दुसरी जात एकाच वस्तूच्या प्राथमिक पुस्तकांची, फक्त पत्ते किंवा फक्त नाणी. तिसरी 'आपोआप होणाऱ्या' प्रयोगांची, ज्यात चलाखीऐवजी गणित किंवा मांडणी काम करते. चौथी सादरीकरणावरची: तीत एकही नवी जादू नसते, आहे ती कशी दाखवावी एवढंच असतं. आणि पाचवी जादूगारांच्या चरित्रांची आणि इतिहासाची. तिने काही करता येणार नाही, पण झोपण्यापूर्वी वाचायला झकास.

तिसऱ्या जातीविषयी जरा थांबून सांगायला हवं, कारण नवशिक्या तिथेच सर्वांत जास्त फसतो. 'आपोआप होणारी' म्हणजे 'सोपी' असं आपण धरून चालतो. एकवीस पानांची जादू सगळ्यांना माहीत असते: सात-सात पानांचे तीन रकाने मांडायचे, समोरच्याने मनात धरलेलं पान कुठल्या रकान्यात आहे ते विचारायचं, तो रकाना मध्ये ठेवून पानं गोळा करायची आणि पुन्हा मांडायचं. तीनदा झालं की त्याचं पान वरून अकरावं येतं. कधी चुकत नाही. आणि तरीही दुसऱ्या मांडणीपर्यंत समोरचा जांभई देतो, कारण त्याला स्वच्छ दिसत असतं की काहीतरी मोजमाप चाललंय. वाईट पुस्तक 'अकरावे पान त्याचे' म्हणून थांबतं. चांगलं पुस्तक त्या तीन मांडण्यांना कारण देतं, मध्ये काय बोलायचं ते सांगतं आणि शेवटी पान नुसतं मोजून न काढता वेगळ्या रीतीने समोर आणतं. गणित तेच, पण एक पुस्तक कोडं देतं आणि दुसरं जादू.

पायरी ३: एक प्रयोग काढा आणि त्याची उलटतपासणी करा

पुस्तक हातात आलं किंवा त्याची नमुना पानं वाचायला मिळाली की प्रस्तावना सोडा. पुस्तकाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातला एक सोपा प्रयोग काढा. पत्त्यांचं पुस्तक असेल तर 'किल्लीचं पान' वापरणारा एखादा नक्की सापडेल. किल्लीचं पान म्हणजे आपण गुपचूप बघून ठेवलेलं पान, ज्याच्या शेजारी समोरच्याचं पान येतं; इंग्रजी पुस्तकांत त्याला 'की कार्ड' म्हणतात. तत्त्व जुनं आणि इतकं साधं की जवळजवळ प्रत्येक प्राथमिक पुस्तकात असतं, म्हणूनच तुलनेला बरं. तेच तत्त्व दोन पुस्तकं कशी शिकवतील ते बघा.

पहिलं पुस्तक असं लिहील: 'प्रेक्षकास एक पान काढण्यास सांगावे. कॅटच्या तळाचे पान पाहून ठेवावे. प्रेक्षकाचे पान वर ठेवून कॅट कापावा. तळाच्या पानालगतचे पान त्याचे असेल.'

यात चूक काहीच नाही. पण हातात कॅट घ्या आणि करून बघा, तिसऱ्या सेकंदाला अडाल. तळाचं पान बघायचं कधी? सगळे तुमच्याकडेच बघत असताना मान वाकवून?

दुसरं पुस्तक त्याच गोष्टीला दोन पानं देईल, आणि त्यांत साधारण हे असेल. तळाचं पान आधी बघू नका. समोरच्याने पान काढलं की त्याला म्हणा, "बाकीच्यांनाही दाखवा, मला नको." त्या दोन सेकंदांत सगळ्यांचे डोळे त्याच्या पानावर असतात. तेवढ्यात उरलेला कॅट टेबलावर उभा टेकवून कडा सारख्या करा. तळाचं पान आपोआप तुमच्याकडे तोंड करून येतं. समजा ती किलवर सत्ती आहे. मान वाकवायची नाही, फक्त नजर. मग कॅट पालथा टेबलावर ठेवा, त्याचं पान त्यालाच वर ठेवू द्या आणि कॅटही त्यालाच कापू द्या. खालचा भाग वर आला की किलवर सत्ती नेमकी त्याच्या पानावर जाऊन बसते. त्याला आणखी दोनदा कापायचं असेल तर खुशाल कापू दे. कापल्याने पानांचं वर्तुळ फिरतं, क्रम मोडत नाही. पिसू मात्र देऊ नका.

आता एकेक पान उघडं मांडत जा, आधीच्या पानाचा कोपरा दिसत राहील असं. किलवर सत्ती येते. पुढचं पान, समजा बदाम दश्शी, त्याचं. इथे नवशिक्याचा हात थबकतो आणि जादू तिथेच फुटते. थांबू नका. त्याच लयीत आणखी चार-पाच पानं मांडा. मग कॅटवरच्या पालथ्या पानावर बोट ठेवून म्हणा, "आता मी जे पान उलटणार ते तुमचं." समोरचा हसतो, कारण त्याचं पान केव्हाच मागे गेलंय. तुम्ही शांतपणे मांडलेल्या पानांत हात घालता आणि बदाम दश्शी पालथी करता. आणि किलवर सत्ती अगदी शेवटी आली तर? कॅट नेमका त्या दोन पानांच्या मधे कापला गेला होता. मग सर्वांत आधी मांडलेलं पान त्याचं.

फरक दिसला? गुपित दोन्हीकडे तेच. दुसऱ्या पुस्तकाने चार गोष्टी जास्त सांगितल्या: कधी, नजर कुठे, काय बोलायचं आणि बिनसलं तर काय. कुठलंही पुस्तक पारखताना या चार गोष्टी शोधा. तीन किंवा चारही असतील तर पुस्तक चांगलं. दोन असतील तर चालेल, पण बाकीचं तुम्हाला स्वतः शोधावं लागेल. फक्त 'कसं' असेल तर ते पुस्तक परत फळीवर.

लेखकाने प्रयोग कोणाकडून आला हे सांगितलंय का, हेही बघत जा. नवशिक्याला त्या नावांचा उपयोग नसतो, पण जो लेखक श्रेय देतो त्याने परंपरा वाचलेली असते. जो देत नाही त्याने बहुधा दुसऱ्या पुस्तकातून गुपितं उतरवलेली असतात, आणि उतरवताना नेमके ते 'कधी' आणि 'कुठे' गळतात.

पायरी ४: चित्रं, क्रम, सामान

चित्रं किती आहेत त्यापेक्षा ती कोणाच्या बाजूने काढली आहेत हे महत्त्वाचं. 'फ्रेंच ड्रॉप' ही नाण्याची अगदी प्राथमिक चलाखी घ्या. डाव्या हाताच्या बोटांत नाणं आडवं धरलंय, उजवा हात ते घेतल्यासारखं करतो, पण नाणं डाव्या हातातच गळून पडतं. तुमच्या बाजूने काढलेल्या चित्रात डावा हात डावीकडे दिसतो, प्रेक्षकाच्या बाजूने काढलेल्या चित्रात तोच उजवीकडे. चित्राखाली काहीच लिहिलेलं नसलं की माणूस हमखास उलटं शिकतो. मी शिकलो होतो, आणि हाताला लागलेलं मोडायला शिकायला लागला त्याहून जास्त वेळ लागला. चांगल्या पुस्तकात दोन्ही बाजू असतात: हे तुम्हाला दिसतं, हे त्यांना.

छायाचित्रांपेक्षा रेखाचित्रं मला बरी वाटतात. फोटोत बोटांच्या सावल्या असतात आणि नेमकं पाहायचं ते त्यांत बुडतं. चांगला चित्रकार नको ती रेघ काढतच नाही.

डावखुरे असाल तर पहिल्या दिवशीच ठरवून टाका: पुस्तकातला उजवा म्हणजे तुमचा डावा, कायमचं. कधी असं, कधी तसं केलंत तर तिसऱ्या प्रकरणात गोंधळ उडतो.

अनुक्रमणिकेत एक चलाखी आणि लगेच ती वापरणारे प्रयोग, मग पुढची चलाखी, असा क्रम शोधा. आधी शंभर पानं नुसत्या चलाख्या आणि मग सगळे प्रयोग, अशी रचना असलेलं पुस्तक संदर्भाला उत्तम, पण शिकताना दम निघतो. माणसाला आठवड्याभरात कोणाला तरी काहीतरी दाखवायचं असतं.

सामानासाठी माझी स्वतःची साधी कसोटी आहे. पहिल्या दोन प्रकरणांतले दहा प्रयोग बघायचे. आत्ता घरात असलेल्या वस्तूंनी त्यांतले निम्मे करता येत नसतील तर पुस्तक घ्यायचं नाही. दर पानावर 'खास बनवलेली पेटी', 'खास बनवलेले पत्ते' लागत असतील तर ते पुस्तकाच्या वेषातलं सामानाचं सूचिपत्र समजा.

कागदी की ई-पुस्तक? जादूचं पुस्तक वाचताना दोन्ही हात गुंतलेले असतात. त्यामुळे कागदी पुस्तक टेबलावर उघडं राहतं का, हा प्रश्न किरकोळ वाटला तरी तसा नाही. टॅबलेट चांगला चालतो. फोनवर मजकूर एका पडद्यावर आणि त्याचं चित्र पुढच्या पडद्यावर जातं, आणि पत्ते खाली ठेवून पडदा सरकवण्यातच संध्याकाळ जाते.

पायरी ५: नावं घ्यायची तर

काहीच ठरलं नसेल तर मार्क विल्सन यांचं 'कम्प्लीट कोर्स इन मॅजिक', १९७५ चं. जाड आहे, पण दोन हजारांहून जास्त रेखाचित्रं आहेत आणि प्रत्येक कृतीला पायरीगणिक चित्र. इंग्रजी वाचायची फारशी सवय नसली तरी चित्रांवरून बरंच पुढे जाता येतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायला जाऊ नका. पत्ते, नाणी आणि दोरी या प्रकरणांतला एकेक प्रयोग उचला. मोठमोठ्या पेट्यांची प्रकरणं फक्त बघून सोडून द्या.

पत्तेच शिकायचे हे नक्की असेल तर ह्यूगार्ड आणि ब्राऊ यांचं 'रॉयल रोड टू कार्ड मॅजिक'. १९४० च्या दशकाच्या अखेरीस आलेलं हे पुस्तक आजही पहिलं म्हणून सुचवलं जातं, ते त्याच्या क्रमासाठी. पहिलं प्रकरण पत्ते पिसण्याचं, आपण एरवी पिसतो तसंच, पण त्यातून वरचं पान वर ठेवायचं कसं ते शिकवत. त्याच प्रकरणात त्यावरचे प्रयोग. दुसरं प्रकरण दुसऱ्या पद्धतीने पिसण्याचं. म्हणजे पहिल्या आठवड्यातच हातात काहीतरी असतं. भाषा मात्र जुन्या वळणाची आहे आणि चित्रं कमी. रॉबर्टो जोब्बी यांची 'कार्ड कॉलेज' ही पाच खंडांची मालिका हे त्याचं आधुनिक भावंड. पान कसं धरावं इथपासून सगळं, शिस्तशीर आणि बारकाव्यांसह. पहिला खंड नवशिक्याला पुरतो. पाचही एकदम घेणाऱ्यांचे शेवटचे तीन कोरेच राहतात.

चलाखीच नको असेल तर जोब्बींचंच 'कार्ड कॉलेज लाइट'. त्यात प्रयोग तीन-तीनच्या संचांत लावले आहेत, म्हणजे सुरुवात कशाने, शेवट कशाने हेही आयतं मिळतं. असा विचार नवशिक्यासाठी क्वचितच कोणी केलेला असतो. कार्ल फुल्व्ज यांचं १९७६ चं 'सेल्फ-वर्किंग कार्ड ट्रिक्स' छोटं आणि सुटसुटीत, ७२ प्रयोगांचं. पण बोलणं तुमचं तुम्हाला घालावं लागतं. गणिताची आवड असेल तर मार्टिन गार्डनर यांचं १९५६ चं 'मॅथेमॅटिक्स, मॅजिक अँड मिस्टरी'. हे असं का होतं, याची उत्तरं त्यात मिळतात.

नाण्यांसाठी जे. बी. बोबो यांचं 'मॉडर्न कॉइन मॅजिक', १९५२ चं. उघडल्या उघडल्या नाणं लपवण्याचे इतके प्रकार समोर येतात की माणूस घाबरतो. घाबरू नका, पहिल्या वर्षी दोन पुरतात. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. ही पुस्तकं अमेरिकेचं अर्ध्या डॉलरचं नाणं डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली आहेत, आणि त्याचा व्यास ३०.६ मिलिमीटर आहे. लहान नाणं तळहाताच्या स्नायूंत नीट पकडलं जात नाही आणि दोष आपल्या हाताचा वाटतो. तेवढ्या आकाराचं कुठलंही जुनं नाणं किंवा बिल्ला शोधा. पत्त्यांचंही तसंच: पुस्तकातली मापं पोकर आकाराच्या पानांची असतात, रुंदी ६३.५ मिलिमीटर. ब्रिजची पानं ५७ मिलिमीटर रुंद असतात. हात लहान असेल तर ती वापरायला काहीच हरकत नाही, फक्त चित्रातली बोटं जरा वेगळी पडतील.

आणि इतक्यात नको अशी दोन. 'द एक्स्पर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल', १९०२. एस. डब्ल्यू. अर्डनेस हे टोपणनाव घेतलेला लेखक नक्की कोण, हे अजून पक्कं ठरलेलं नाही. पत्त्यांचे जादूगार या पुस्तकाचं नाव आदराने घेतात, म्हणून नवशिक्ये ते आधी उघडतात. त्याचा पहिला मोठा भाग जुगाराच्या टेबलावरच्या लबाड्यांचा आहे आणि वाक्यं इतकी दाट की एकेका परिच्छेदाला संध्याकाळ लागते. दोन-तीन वर्षांनी उघडा. दुसरं कोरिंडा यांचं '१३ स्टेप्स टू मेंटॅलिझम'. मनकवड्या प्रयोगांसाठी उत्तम ग्रंथ, पण पहिली पायरीच एका छोट्या उपकरणाची आहे, जे तुमच्याकडे नसतं आणि असलं तरी वापरायला महिने लागतात.

इंग्रजी पुस्तकांतले शब्द सुरुवातीला अडतात. पाच-सहा लावून घेतले की गाडी चालते. 'शफल' म्हणजे पिसणं, 'कट' म्हणजे कापणं, 'फोर्स' म्हणजे हवं तेच पान समोरच्याला घ्यायला लावणं, 'पाम' म्हणजे तळहातात लपवणं, 'कंट्रोल' म्हणजे कॅटमध्ये गेलेलं पान आपल्याला हवं तिथे आणणं, 'डबल लिफ्ट' म्हणजे दोन पानं एक असल्यासारखी उचलणं, आणि 'पॅटर' म्हणजे जादू करताना चाललेली बडबड. पॅटर कधीही भाषांतर करून बोलू नका. पुस्तकातले विनोद मराठीत तसेच्या तसे आणले की पडतात. वाक्याचं काम काय आहे ते बघा, नजर वळवणं की वेळ काढणं, आणि त्या कामाचं स्वतःचं वाक्य घाला.

पायरी ६: जुनी, फुकट मिळणारी पुस्तकं

कॉपीराइट संपलेली बरीच जुनी पुस्तकं इंटरनेटवर रीतसर वाचायला मिळतात. प्रोफेसर हॉफमन या नावाने एका वकिलाने लिहिलेलं १८७६ चं 'मॉडर्न मॅजिक' त्यांतलं प्रसिद्ध. मजा म्हणून जरूर वाचा. जादूगाराच्या कोटाला कुठे कुठे चोरखिसे शिवावेत याचंही त्यात वर्णन आहे. पण पहिलं पाठ्यपुस्तक म्हणून ते जमत नाही, कारण तो कोट, ती उंच टोपी आणि त्या काळची टेबलं आज कोणाकडे नाहीत. याहून मागे १५८४ साली रेजिनाल्ड स्कॉट यांनी हातचलाखीची गुपितं छापली होती, तीही जादू शिकवायला म्हणून नव्हेत. चेटकीण म्हणून ज्यांना धरलं जायचं त्यांच्या बाजूने लिहिलेल्या पुस्तकात, या 'चमत्कारां'मागे फक्त हात असतात हे दाखवायला.

फुकट म्हणजे चोरून स्कॅन केलेलं नव्हे. हयात लेखकाचं पुस्तक कोणी फाइल करून पाठवलं तर ती चोरीच आहे. शिवाय एक व्यवहारातली अडचणही येते: फाइलींचा ढीग जमला की एकही उघडली जात नाही. विकत घेतलेल्या एका पुस्तकाला माणूस जागतो. वाचनालयात जादूचा विभाग असेल तर मात्र सर्वांत आधी तिथे जा. महिनाभर घरी ठेवून हातात पत्ते घेऊन पारखता येतं, यासारखी सोय नाही.

पायरी ७: पहिले सहा आठवडे

पुस्तक आल्यावर तीन प्रयोग निवडा, फक्त तीन. एक आपोआप होणारा, एक छोटी चलाखी असलेला आणि एक कशातही न बसणारा, केवळ तुम्हाला आवडला म्हणून. पहिल्या वाचनात हातात काही घेऊ नका, काय दिसतं तेवढं समजून घ्या. दुसऱ्या वाचनात पत्ते हातात, एक वाक्य वाचायचं आणि एक कृती करायची. तिसऱ्यांदा पुस्तक बंद. जिथे अडाल तिथे पेन्सिलीने खूण करा. तो भाग एक तर पुस्तकाने नीट लिहिलेला नसतो किंवा तुम्ही घाईने वाचलेला असतो. बहुतेक वेळा दुसरं खरं असतं.

आरशासमोर सराव करा असं प्रत्येक पुस्तक सांगतं. ते ठीक आहे, पण आरशात एक घोटाळा होतो. नेमकी चलाखी करताना आपण नकळत डोळे मिचकावतो, आणि म्हणून आपल्याला ती दिसतच नाही! मला हे फार उशिरा कळलं, फोनवर स्वतःचं चित्रण बघितलं तेव्हा. फोन समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि बोलण्यासकट करा. मुकाट्याने केलेला सराव लोकांसमोर उभं राहिल्यावर अर्धा गळून पडतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एका माणसाला दाखवा. घरातला नको, घरचे हातांकडेच बघतात. पकडला गेलात तर पुस्तकात परत जा आणि तेच पान वाचा. हमखास असं एखादं वाक्य सापडतं जे आधी फालतू वाटलं होतं: 'या वेळी प्रेक्षकाकडे पाहून प्रश्न विचारा.' ते वाक्यच जादू होती, आपण ते गाळलं होतं. आणि एकाच माणसाला तीच जादू लगेच पुन्हा दाखवू नका, कितीही आग्रह झाला तरी. दुसऱ्यांदा तो काय घडतं ते बघत नाही, कुठे बघायचं ते शोधतो.

व्हिडिओ बघू नयेत असं मी म्हणणार नाही. हात नेमका किती वेगाने फिरतो, हे पानावर कळत नाही. पण क्रम असा ठेवा: आधी पुस्तकावरून स्वतः प्रयत्न, मग शंका फेडायला व्हिडिओ. उलटं केलं की माणूस शिकवणाऱ्याची नक्कल करतो, त्याचे हावभाव, त्याचा विनोद, अगदी त्याची मान हलवायची ढबसुद्धा. पुस्तकावरून शिकताना पानावर आवाज नसतो, म्हणून तुमचा स्वतःचा घालावा लागतो.

दुसरं पुस्तक कधी? त्या तीन प्रयोगांपैकी दोन अनोळखी माणसांसमोर न अडखळता झाले की. आणि ते निवडताना तुमची अडचण काय आहे ते बघा. हात कमी पडत असतील तर त्याच वस्तूचं पुढचं पुस्तक. हात नीट चालतात, पण लोक नुसतं "छान" म्हणून फोन काढतात, असं होत असेल तर नव्या जादूंचं पुस्तक घेऊ नका. सादरीकरणावरचं घ्या, जसं की हेनिंग नेल्म्स यांचं १९६९ चं 'मॅजिक अँड शोमनशिप'. नाटकाच्या अंगाने लिहिलेलं आहे ते, आणि ते वाचल्यावर मी किल्लीच्या पानाच्या त्या जुन्याच जादूत दोन वाक्यं आणि एक थांबा बदलला. मामेभावाला ती पुन्हा दाखवली तेव्हा त्याने कॅट हिसकावून घेतला आणि दहा मिनिटं एकेक पान उजेडात धरून बघत बसला.